मानेपर्यंतचं काम

कपड्यांच्या दुकानात काचेआड उभे असतात ते पुतळे बनवण्याच्या कारखान्यात मास्तरांकडे एकच काम होतं: तोंडं करायची. धड, हातपाय साच्यातून निघायचे. डोकंही साच्यातूनच यायचं, पण गुळगुळीत, कुणाचंच नसल्यासारखं. त्याला माणसात आणायचे ते मास्तर. थोडी पुट्टी, एक बारीक कोरणी आणि शेवटी ब्रश. सगळे त्यांना ‘तोंडवाले मास्तर’ म्हणत.

मनानं तोंड करणं त्यांना पटत नसे. बसमधल्या बाईच्या भुवया, दवाखान्यात ताटकळलेल्या माणसाची जिवणी, असं काहीबाही ते रोज डोळ्यांत भरून आणत. एकदा धाकट्या मेहुणीचं नाकच एका पुतळीला बसलं. मेहुणी खरेदीला गेली आणि काचेसमोर थबकली. घरी येऊन म्हणाली, “भावोजी, नाक नेलंत ते ठीक, पण अंगावर बरे कपडे तरी घालायचे होते.”

पगार बेताचाच. पण पगारासाठी तोंडं करतो की तोंडं करायला मिळतात म्हणून पगारावर भागवतो, हा प्रश्न त्यांनी स्वतःला कधी विचारला नाही. विचारायची वेळच आली नव्हती.

ती आणली मालकांनी. “मास्तर, गिऱ्हाईक कपडे सोडून तोंडच बघत बसतं, अशी दुकानदारांची तक्रार आहे. डोळे जरा मंद करा.”

डोळे मंद झाले. पुढे डोळे नकोतच झाले. मास्तरांनी मग गालांत आणि हनुवटीत जीव ओतला. नंतर तेही गेलं, नुसती अंड्यासारखी डोकी राहिली. आणि एक दिवस मालक म्हणाले, “आता डोकंच नको. मानेवर संपवायचं.”

“मग मी काय करू?”

“मान करा की. वरचा काप सुबक दिसायला हवा. तुमच्यासारखा हात आहे कुणाचा?”

तोवर दुकानांनी जुने पुतळेही परत धाडले होते, डोकी उतरवून द्या म्हणून. मागच्या अंगणात ते सगळे दाटीवाटीनं उभे होते. मास्तरांनी करवतीला हात लावला नाही. ते काम पॉलिशवाल्याकडे गेलं. त्यानं पहिल्याच पुतळीला करवत अशी तिरकी घातली की अर्धी हनुवटी धडालाच राहिली. मास्तरांना ते बघवेना.

“सरक. दे इकडे.”

त्यांनी कापलं. सरळ, नितळ, कुठे टवका नाही. एक झाल्यावर दुसरी, मग उरलेल्या सगळ्या. मालकांनी कापावरून बोट फिरवलं आणि तिथल्या तिथे पगार वाढवला.

घरी बायको भाजी निवडत होती. ऐकून म्हणाली, “अहो, पगार वाढला म्हणून तोंड पाडून बसलेला माणूस मी पहिल्यांदाच बघतेय.”

“सोडावी म्हणतो नोकरी. घरीच तोंडं करीन.”

ती हसली नाही. “करा. मी कधी अडवलंय? पण घेणार कोण? एकच गिऱ्हाईक सांगा, मी उद्यापासून डबा करायचा बंद करते.”

मास्तर समोरच्या भाजीतल्या काड्या वेचून बाजूला ठेवू लागले.

“बरं, सुट्टीच्या दिवशी करा,” ती हलकेच म्हणाली. “खिडकीजवळचं टेबल रिकामं करून देते. आणि माझंच तोंड करा. फुकटात बसते.”

सुट्टीच्या सकाळी ती खरोखरच केस विंचरून समोर येऊन बसली. मास्तरांनी पुट्टी मळली. तिच्याकडे बघत त्यांनी गळ्याचा खळगा केला, वयानं पडलेल्या दोन वळ्या केल्या, कानाखालची शीर उठवली. मान हुबेहूब उतरली. मग ते वरची कड सारखी करू लागले. ती झाली तरी पुन्हा ओलं बोट फिरवून सारखी करत राहिले.

“मान अवघडली हो माझी,” ती म्हणाली. “तोंडाला कधी हात घालणार?”

“घालतो,” मास्तर म्हणाले. वाटीतली पुट्टी कडक व्हायला लागली होती. ते कडेवरून बोट फिरवतच होते.