कचरागाडीचा संगीतकार

स्पर्धांच्या परीक्षकांनी मला आजवर चारदा 'आश्वासक' म्हटलंय. वय पंचेचाळीस. आणखी किती वर्षं आश्वासन देत बसायचं, कोण जाणे! मी व्हायोलिन, चेलो असल्या वाद्यांसाठी नवं पाश्चात्त्य शास्त्रीय संगीत लिहितो. त्यात ठेका नसतो, मुखडा नसतो आणि ऐकायला माणसंही नसतात.

बाबा भोपाळच्या कारखान्यातून रिटायर झाले, तेव्हा सोनागिरीची वसाहत सोडून आम्ही भोपाळातच बाग सेवनियात घर घेतलं. मुलगा काय करतो, असं कुणी विचारलं की ते "कॉम्प्युटरवर असतो" एवढंच सांगायचे. खोटं नव्हतं म्हणा, सूर मी त्याच्यावरच जुळवतो. पण त्यांनी माझी एक तरी रचना शेवटपर्यंत ऐकावी, ही माझी फार इच्छा. स्पर्धा गेल्या खड्ड्यात. दरवेळी दुसऱ्याच मिनिटाला बाबांना पाण्याची मोटर बंद करायची आठवण व्हायची. आमची टाकी कधी म्हणून वाहिली नाही.

मग वॉर्डाच्या नगरसेवकाला कचरागाडीसाठी गाणं हवं झालं. ओला कचरा हिरव्या डब्यात, सुका निळ्यात. मी दातओठ खात एका दुपारी ते उरकलं. झालं! वीस वर्षं घासली चेलोवर आणि नाव झालं केराच्या डब्यावर. रोज सकाळी माझ्या पहिल्या सुराला अख्खी कॉलनी धावत बाहेर येते. एवढे तत्पर श्रोते कुणाला मिळतात, सांगा!

बाबा तर बादली घेऊन आधीच फाटकाशी हजर. ड्रायव्हरने आवाज कमी केला की ओरडायचे, "अरे भैया, पूरा बजने दो! बेटे का है!" मला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं.

एकदा शेजारच्यांनी तिथेच विचारलं, "भाईसाब, और क्या-क्या बनाया है बेटे ने?" बाबांना एक नाव सांगता येईना. रिकामी बादली घेऊन ते तडक माझ्या खोलीत आले.

"काय रे, तुझं ते दुसरं काहीतरी लाव बघू."

मी चार वाद्यांची बारा मिनिटांची रचना लावली. बाबा पलंगाच्या कडेला बसले. दुसरं मिनिट गेलं, पाचवं गेलं, तरी उठले नाहीत. शेवटचा सूर थांबला, तेव्हा त्यांनी माझ्याकडे पाहिलं.

"झालं?"

"झालं."

"मग परत लाव," बाबा म्हणाले. "मी आपला सुरू व्हायची वाट बघत बसलो."