बॅनरवरचा हात

बीडमधल्या एका स्थानिक बातम्यांच्या वेबसाइटसाठी मी जाहिराती बनवते. बातमीच्या वर, खाली आणि मधोमध ज्या आडव्या पट्ट्या येतात, ज्या चुकवत चुकवत तुम्ही बातमी वाचता, त्या पट्ट्या माझ्या. काय काम करतेस असं कुणी विचारलं, तर मी 'डिझाइनचं' एवढंच सांगते. त्यापुढं बोललं की समोरचा हमखास म्हणतो, "म्हणजे त्या मधीमधी येऊन वैताग देतात, त्या का?" हो, त्याच.

आमचं ऑफिस दोन खोल्यांचं, एका खताच्या दुकानाच्या माडीवर. संपादक पूर्वी छापील पेपरात होते. माणूस वाईट नाही. कुठल्या वस्तीला पाणी येत नाही, कुठल्या गावची एसटी बंद झाली, असल्या बातम्या ते जीव तोडून करतात. पण सकाळी आल्या आल्या ते बातम्या बघत नाहीत. कोणत्या जाहिरातीवर किती लोकांनी बोट ठेवलं ते बघतात. आकडा पडलेला दिसला की चहा यायच्या आत मला हाक.

"मॅडम, लोकं बघायलेत, पण दाबीनात. कावून?"

आता ह्या 'कावून'ला मी काय उत्तर देणार? मी चित्रं काढायला शिकले होते. अक्षर कुठं ठेवायचं, रंग किती मोकळा सोडायचा, हे मला कळतं. रस्त्यानं चाललेल्या माणसानं थांबून आपल्या पाटीला बोट का लावावं, हे मला कुणी शिकवलं नव्हतं.

सिरसाळ्याचे एक दुकानदार आमच्याकडं आले ते ह्याच दिवसांत. ते कडबाकुट्टी विकायचे, म्हणजे कडबा, मका, हिरवी वैरण बारीक कापून देणारी मशीन. वयस्क, सावकाश बोलणारे. मोबाइलमधले मशीनचे फोटो त्यांनी मला एकेक करून दाखवले, नातवंडांचे दाखवावेत तसे.

"ताई, खोटं काय लिहू नका," ते म्हणाले. "ह्या मशीनीत वैरण रोलर ओढून घेतात, हात आत घालावा लागत न्हाई. अन् काय अडकलंच तर हा दांडा उलटा केला की सगळं माघारी फिरतं. आमच्याकडं लई जणांची बोटं गेलीत जुन्या मशीनीत. तेवढं लोकांना कळलं पायजे."

मला हा माणूस आवडला. मी मन लावून जाहिरात केली. पांढरी पार्श्वभूमी, मशीनचा स्वच्छ फोटो, लाल वर्तुळात तो दांडा, आणि शब्द फक्त चार: 'वैरण कापा, हात सांभाळा'. खाली दुकान आणि गाव. दुकानदारांना पसंत पडली. संपादकही म्हणाले, बरी हाय. ती साइटवर चढली आणि तिच्याकडं कुणी ढुंकूनही पाहिलं नाही.

मग मी शोध सुरू केला तो घरातूनच. सासूबाई दुपारी मोबाइलवर आमचीच साइट वाचतात. एकदा मी त्यांच्या शेजारी जाऊन बसले. त्या कुठल्याशा गावातल्या भांडणाची बातमी वाचत होत्या. अंगठा वर सरकत होता. मशीनची पट्टी आली आणि अंगठा जराही न अडखळता तिच्यावरून निघून गेला.

"आत्ता काय गेलं वर?" मी विचारलं.

"कुठं काय गेलं?"

"जाहिरात होती की. मशीनची."

"आसंल," त्या म्हणाल्या. त्यांनी ती खरंच पाहिली नव्हती. वाटेतलं डबकं टाळून माणूस पुढं जातो आणि नंतर त्याला डबकं आठवतही नाही, तसं त्यांच्या डोळ्यांचं झालं होतं. थोड्या वेळानं उशी सरकवताना त्यांचा अंगठा भलत्याच पट्टीवर पडला आणि कुठल्याशा दागिन्यांच्या दुकानाचं पान उघडलं. "बघ, हे आसं आपोआप उघडतंय," म्हणून त्यांनी वैतागून मोबाइल माझ्या हातात दिला. आमच्या हिशोबात तोही एक क्लिक. दागिन्यांच्या दुकानदाराला संध्याकाळी तो अभिमानानं कळवला गेला असणार.

त्यानंतर मला खोडच लागली. चहाच्या टपरीवर, दवाखान्याच्या बाकावर, बँकेच्या रांगेत मी लोकांचे अंगठे बघत बसायची. कळायचं ते एवढंच, की छान जाहिरात आणि दाबली जाणारी जाहिरात यांचा एकमेकींशी फारसा संबंध नसतो. आपल्या गावाचं नाव दिसलं की बोट थांबतं. सरळ आपल्याकडं बघणारा चेहरा दिसला की थांबतं. अर्धवट सोडलेल्या वाक्यावर तर हटकून थांबतं. नीट, पूर्ण, खरं वाक्य लिहिलं की माणूस ते वाचतो आणि समाधानानं पुढं जातो. त्याला दाबायचं कारणच उरत नाही. हे कळल्यावर मला आनंद व्हायला हवा होता. झाला तो संतापच.

नेकनूरला बहिणीकडं जाताना एसटीत शेजारी एक शेळ्या-मेंढ्यांवाले काका बसले होते. खांद्यावर घोंगडी, हातात मोठा मोबाइल. कुठल्याशा औषधाच्या जाहिरातीत एक शेळी उभी होती. काकांनी ती दोन बोटांनी मोठी करायचा प्रयत्न केला, तर जाहिरातच उघडली. त्यांनी ती बंद केली, परत मागं आले, परत तेच. शेवटी मी विचारलं, "काका, औषध पाहिजे का?"

"औषध कशाला? शेळीचे कान बघायलो. कान लई चांगले हायेत हिचे. पर शेळी दाबली की बाटली दाखवायलेत."

मी ऑफिसात येऊन पट्टीवरच्या मशीनच्या फोटोपुढं लांब कानांच्या दोन काळ्या शेळ्या उभ्या केल्या. वर लिहिलं, 'सिरसाळ्यात ह्या शेळ्या काय खातात?' आकडा वर गेला. संपादक खूश झाले, मला म्हणाले, आता जमायलंय तुमाला. मलाही दोन दिवस बरं वाटलं. मग दुकानदारांचा फोन आला.

"ताई, फोन लई यायलेत."

"चांगलंच झालं की, काका."

"काय चांगलं? सगळे शेळ्या मागायलेत. एकजण म्हणला, गाभण हाय का. मी म्हणलं, बाबा, मी मशीन विकतो. तर मलाच म्हणला, मंग शेळी कावून दाखवली?"

फोन ठेवून मी पट्टी उघडली. शेळ्या काढल्या. आकडा पुन्हा खाली आला.

त्याच आठवड्यात मामेबहिणीच्या साखरपुड्यासाठी मी सुट्टी घेतली. परत आले तर ऑफिसात वेगळीच हवा. संपादक हसत होते. त्यांनी स्वतःच मोबाइलवर बसून नवी जाहिरात केली होती. पट्टीवर एका पुरुषाचा हात, कोपरापर्यंत पांढऱ्या बँडेजमध्ये, बँडेजवर लाल डाग. मनगटाजवळ लाल धागा. आणि बातमीच्याच अक्षरांत, बातमीच्याच रंगात ओळ: 'कडबाकुट्टीत हात गेला आणि मग...' दुकानाचं नाव पट्टीवर कुठंच नव्हतं; ते दाबल्यावर उघडणाऱ्या पानावरच होतं.

"हे काय केलंत, सर?"

"दुकानदारच म्हणलाता ना, हात कापत न्हाई म्हणून. आपण तेच सांगायलोत, जरा उलटं. आकडा बघा आजचा."

आकडा मी बघितला. माझ्या सगळ्या जाहिरातींना मिळून कधी आला नव्हता असा आकडा होता. मी वाद घालायला तोंड उघडलं, तेवढ्यात जिन्यावर पावलं वाजली आणि दारात एक बाई येऊन उभी राहिली.

तिशीतली असेल. पायांत धुळीनं भरलेल्या चपला, काखेत पिशवी. साइटवरचा पत्ता बघून चकलांब्याकडून एसटीनं आली होती. तिनं मोबाइल आमच्यापुढं धरला. त्यावर तोच हात होता.

"हा हात कुणाचा हाय, तेवढं सांगा," ती म्हणाली.

तिचा नवरा पुण्याकडं एका गोठ्यावर कामाला होता. रोज कडबाकुट्टी चालवणं हेच त्याचं काम. आदल्या दिवसापासून त्याचा फोन लागत नव्हता. सकाळी जावेनं मोबाइलवर ही पट्टी बघितली आणि हिला दाखवली. नवऱ्याच्या मनगटालाही असाच लाल धागा होता. हिनं दाबलं, तर मशीनच्या दुकानाचं पान उघडलं. जखमी माणसाचं नाव नाही, गाव नाही, दवाखाना नाही. तिला वाटलं, आम्ही बातमी काढून टाकली.

"बाई, ती बातमी न्हाई. जाहिरात हाय," संपादक म्हणाले.

"म्हंजी हात खोटा हाय का?"

"हात खरा असंल कुणाचा तरी. इंटरनेटवरून घेतलाय."

"कुणाचा?"

"ते आमाला ठाऊक न्हाई."

"तुमाला ठाऊकच न्हाई, मंग माझ्या मालकाचा न्हाई हे कशावरून सांगता?"

संपादकांनी माझ्याकडं बघितलं. मीही त्यांच्याचकडं बघत होते. असा लाल धागा अर्ध्या मुलखाच्या मनगटाला असतो, हे मी तिला सांगू शकले असते, पण ते तिलाही ठाऊकच होतं.

मी तिला खुर्ची दिली, पाणी दिलं. ती पाणी प्यायली नाही. नवऱ्याचा नंबर मी माझ्या फोनवरून लावला. बंद. गोठ्याच्या मालकाचा नंबर तिच्याकडं नव्हता. गावातला आणखी एकजण त्याच भागात कामाला आहे, असं तिला बोलता बोलता आठवलं. त्याच्या घरी फोन करून त्याचा नंबर मिळवला. त्यानं उचलला आणि म्हणाला, गोठा लांब हाय, पर जातो, थांबा.

आम्ही थांबलो. ती मोबाइलवरच्या हाताकडं बघत होती. मधेच ती त्याला बोट लावायची, पान उघडायचं, ती मागं यायची. शेवटी मी तिच्या हातून मोबाइल काढून घेतला. संपादक आतल्या खोलीत जाऊन कागद चाळत बसले.

बऱ्याच वेळानं माझा फोन वाजला. गोठ्यावर गेलेल्या त्या माणसाचा व्हिडिओ कॉल होता. पडद्यावर तिचा नवरा, दाढी वाढलेला, घाबरलेला. गावाकडं काही झालं का, असं तोच विचारत होता. त्याचा मोबाइल पाण्याच्या हौदात पडला होता, एवढंच.

ती भिंतीकडं तोंड करून उभी राहिली आणि हळू आवाजात म्हणाली, "हात दाखवा."

त्यानं हात दाखवला.

"दुसरा."

त्यानं दुसराही दाखवला. मग ती खाली बसली आणि पदर तोंडाला लावून रडली. फोनवर तो "काय झालं, काय झालं" करत राहिला.

जाताना ती दारात थांबली. रागावलेली नव्हती, नुसती दमलेली. मला म्हणाली, "ताई, मशीन विकायची तर मशीन दाखवायची. हे कशापायी?"

मी म्हटलं, "चुकलंच आमचं." त्या 'आमचं'मध्ये मी होते की नव्हते, ह्याचा विचार करायला तेव्हा वेळ नव्हता. तिला बसस्टँडपर्यंत सोडून आले.

परत येऊन मी संपादकांना सांगितलं, ही पट्टी आत्ता काढा.

"काढू की. संध्याकाळपर्यंत राहू द्या. इतके क्लिक कधी आले न्हाईत."

"त्यात तिचेही आहेत, सर. तिनं माझ्यासमोर किती वेळा दाबलं, तुम्ही बघितलं नाहीत."

त्यांनी पट्टी काढली नाही. मला तिथून उठून जावंसं वाटत होतं. उठलेही नाही आणि कामही केलं नाही, तशीच बसून राहिले. ती पट्टी उतरली ते सिरसाळ्याहून फोन आला म्हणून. सावकाश बोलणारे ते दुकानदार पहिल्यांदा भराभर बोलत होते.

"सायेब, बाजारात लोकं माझ्या मशीनीला हात तोडणारी मशीन म्हणायलेत. जुनं गिऱ्हाईक येऊन विचारून गेलं, कुणाचा हात गेला म्हणून. माझं नाव नका ठेवू तिथं. बंद करा सगळं."

तेवढ्यावर पाच मिनिटांत पट्टी गेली. बाईच्या रडण्यानं न झालेलं काम एका ग्राहकाच्या रागानं झालं, हे मला अजून खुपतं.

नंतर मी स्वतः सिरसाळ्याला जाऊन दुकानदारांची माफी मागितली आणि एकच संधी द्या म्हटलं. ते आधी नाहीच म्हणाले. चहा झाल्यावर म्हणाले, बघा काय करायचं ते. मी मशीन चालू असताना त्यांचा व्हिडिओ घेतला: ते वैरणीची पेंढी ठेवतात, रोलर ती ओढून घेतात, मग ते दांडा उलटा करतात आणि पेंढी माघारी येते. बस्स. तो मी जनावरांच्या बाजारभावाच्या पानाखाली लावला, कारण ते पान ज्यांच्या दावणीला जनावरं आहेत तेच उघडतात. क्लिक थोडेच आले. पण ज्यांनी दाबलं त्यातले काहीजण दुकानात जाऊन दांडा हातानं फिरवून बघून गेले. "इचारणारे तरी मशीनचंच इचारायलेत," दुकानदार फोनवर म्हणाले. संपादकांना मात्र तो लहान आकडा रोज टोचतो. त्या हाताचा आकडा ते अजून नव्या जाहिरातदारांना सांगतात. हात कुणाचा, हे कुणी विचारत नाही.

मी एक अट घातली आहे. प्रत्येक पट्टीच्या कोपऱ्यात 'जाहिरात' हा शब्द असलाच पाहिजे. त्यांनी ती मान्य केली. मी शब्द वाचता येईल एवढा ठेवते. सकाळी येऊन बघते तर तो मुंगीएवढा झालेला असतो, रंगही फिका. मी परत मोठा करते. संपादक परत बारीक करतात. काल तो शब्द पट्टीच्या काठाला इतका चिकटवला होता की त्यातला पहिला 'जा' कापला गेला होता. आज सकाळी मी तो परत आत ओढून घेतला आणि काळा केला.