नार्वेच्या धक्क्यापलीकडचा सगूणदादा

फेरीबोट धक्क्याला लागली, स्कूटरवाले नेहमीसारखे एकमेकांच्या अंगावरून आधी सुटले, मग चालणारी माणसं उतरली, आणि माझा भाऊ उतरलाच नाही. कडेच्या बाकावर मागे डोकं टेकून तो बसून राहिला होता. फेरीवरच्या माणसाला वाटलं, डोळा लागला असेल. "सगूणबाब, नार्वे आयलें," त्यानं हाक मारली, पुन्हा मारली, खांद्याला हात लावला... आणि तसाच पळत आमच्या घरी आला. मी त्या वेळी चुलीशी उभी राहून दादाच्याच नावानं खडे फोडत होते. बांगड्याचं हुमण निवत चाललं होतं, भात गार झाला होता, आणि मी भांड्याकुंड्यांना सांगत होते की या माणसाच्या मनगटावर घड्याळ कशाला आहे ते देवच जाणे. दारात तो उभा. म्हणाला, "बाय, जरा धक्क्यार येतात?" मी म्हटलं, "का रे, तुझ्या तोंडचं पाणी का पळालंय?" त्यानं मान खाली घातली. तेवढ्यावरून मी काय ते समजले.

सगूणदादा जुन्या गोव्यात गाईड होता. मोठ्या बसमधून उतरणाऱ्या झुंडीचा नव्हे. एखादं जोडपं, एखादं कुटुंब, कधी एकटादुकटा प्रवासी, अशांना बरोबर घेऊन तो दिवसभर फिरवायचा. सकाळी आमच्या नार्वेहून फेरीनं दिवाडी बेटावर, बेट ओलांडून पलीकडच्या फेरीनं जुन्या गोव्यात, आणि संध्याकाळच्या आत त्याच वाटेनं परत. आमचा देवसुद्धा कधीकाळी, तिथलं देऊळ पाडलं तेव्हा, त्याच बेटावरून नदी ओलांडून नार्वेला आला. दादा म्हणजे रोज उलटा जायचा. मी त्याची धाकटी बहीण. माझा नवरा लवकर गेला आणि मी माहेरी परतले, कारापूरच्या मराठी शाळेत पहिली-दुसरीच्या पोरांना शिकवत निवृत्त झाले. दादानं लग्न केलं नाही. का, ते विचारू नका. मी शंभरदा विचारलं. प्रत्येक वेळी उत्तर एकच, "हूं."

हा "हूं" म्हणजे आमच्या घरातलं निम्मं संभाषण. उरलेलं निम्मं मी करत असे, आणि खरं सांगायचं तर ते निम्म्याहून पुष्कळ जास्त होतं. मी बोलते. मला त्याची लाज नाही, कधी नव्हती. शाळेतल्या पोरांनी माझं नाव रेडिओ ठेवलं होतं आणि मला ते आवडायचं. मासळीवाली काय म्हणाली, शेजारच्या सुनेनं सासूला कसं सुनावलं, डिचोलीच्या बाजारात सुरण काय भावानं लावला, सगळं मी त्याला वाढता वाढता सांगायची. तो ताटाकडे बघून जेवायचा. हुमण आवडलं तर भात पुन्हा घ्यायचा, नाही आवडलं तर घ्यायचा नाही. हीच त्याची दाद आणि हीच तक्रार. कधीकधी मी चिडायची. "अरे, भिंतीशी बोलतेय का मी?" तो वर बघायचा, जरासा हसल्यासारखा व्हायचा आणि म्हणायचा, "हूं... मग?" त्या "मग"वर माझा राग जायचा आणि मी पुढचं सांगायला लागायची.

पण एक गोष्ट माझ्या मनात सलत राहिली. एवढी वर्षं त्यानं जगभरच्या लोकांना ते शहर दाखवलं, मला एकदाही नाही. मी म्हणायची, "दादा, एक दिवस मला ने की रे." "खंय पळून जाता तें शहर?" इतकं मोठं वाक्य बोलून तो अंघोळीला जायचा. मी काही जुनं गोवं पाहिलंच नव्हतं असं नाही. फेस्ताच्या, म्हणजे चर्चच्या जत्रेच्या, गर्दीत मैत्रिणींबरोबर गेले होते, चणे खाऊन परतले होते. पण मला ते तसं बघायचं नव्हतं. मला त्याच्याबरोबर, त्याच्या तोंडून बघायचं होतं. एकदा दिवाडीला एका बारशाला गेले होते. परतण्याआधी जुन्या गोव्याकडच्या धक्क्यावर जरा उभी होते तर पलीकडून येणाऱ्या फेरीच्या कठड्याशी दादा दिसला. पाहुणे होते बरोबर, त्यांना बेट दाखवायला आणत असावा. हात हवेत, मान मागे, तोंड अखंड चाललेलं, आणि ती माणसं पोट धरून हसत होती. मी थक्क होऊन बघत राहिले. असा माणूस मी आमच्या घरात कधी पाहिला नव्हता. फेरी जवळ आली, त्यानं मला पाहिलं, आणि हात खाली घेतले. गप्प झाला. मला इतकं लागलं ते... लोकांसाठी एवढं बोलणं आणि माझ्यासाठी काहीच नाही? त्या रात्री मी त्याला काही सांगितलं नाही. तो दोनदा म्हणाला, "मग?" मी म्हटलं, "मग काही नाही."

तो गेल्यावर बारा दिवस घर माणसांनी भरलेलं होतं. त्याच्या धंद्यातले लोक आले, टॅक्सीवाले आले, चहाच्या गाड्यावाला आला. जो तो सांगे, सगूण म्हणजे काय माणूस होता, मेलेल्याला हसवील असा. किती बोलायचा! मी चहाचे कप भरत ऐकत होते आणि आतल्या आत मला परकं वाटत होतं. हे लोक ज्याच्याबद्दल बोलत होते तो मला भेटलाच नव्हता. मी ज्याच्यासाठी रडत होते तो त्यांना ठाऊक नव्हता. एकाच माणसाची दोन सुतकं चालली होती म्हणा ना. मग माणसं पांगली. घरात मी उरले. मला वाटलं होतं, मी बोलत राहीन, जन्माची सवय आहे. पण नाही बोलता आलं. वाढायला एकच ताट, त्याच्याशी काय बोलायचं? टीव्ही लावून ठेवायला लागले, आवाज मोठा करून. मासळीवालीसुद्धा म्हणाली, "टीचर, बरं नाही का? आज माशाला नावं ठेवली नाहीत ती."

आलेल्यांपैकी एकजण जाता जाता म्हणाला होता, "सगूणाचे किस्से ऐकायचे तर मार्टिनला गाठा. दोघं गाईडचं काम जोडीनं शिकले, जोडीनं फिरले. आता तो दुबईला लेकीकडे गेलाय, म्हणून मातीला येऊ शकला नाही." ते डोक्यात बसलं. त्या बोलक्या दादाला मला एकदा भेटायचं होतं. आणि त्याच्या त्या दिवसांत, नदीपलीकडच्या, मी कुठं होते का, एवढं एकच जाणून घ्यायचं होतं. मार्टिन परतल्याचं कळताच मी फोन केला. बहीण म्हणून सांगितलं नाही. सांगितलं असतं तर त्यानं चेहरा पाडून गेलेल्याचं गुणगान केलं असतं. ते मी बारा दिवस ऐकलं होतं. मी पुस्तकी मराठीत म्हटलं, "मी कोल्हापूरहून आले आहे. मला संपूर्ण दिवसाची सहल हवी आहे." त्यानं विचारलं, "किती जण?" मी म्हटलं, "एकटीच." तो म्हणाला, "या बाय, एकट्या माणसाला शहर जास्त दिसतं."

मार्टिन म्हणजे साठीचा, टोपीवाला, पोट पुढे, चाल मात्र तुरुतुरु. दोन्ही मोठी चर्चं दाखवली, एक बुरूज पडून एकच राहिलेलं ते आणि सायबाची, म्हणजे त्या संताच्या देहाची, पेटी आहे ते. टेकडीवरचा तो जांभ्या दगडाचा उंच मोडका मनोरा दाखवला. बोलायचा छान, सारखं काही ना काही हसवणारं. मी कान टवकारून होते. यातलं दादाचं कुठलं? कुठल्या शब्दावर त्याचे हात हवेत गेले असतील? काही कळेना. सगळं ऐकलं आणि सगळं परकंच राहिलं. मधे चहाला थांबलो. त्यानं पाव मागवला, आणि मी विसरले हो! बोटानं दाबून म्हणून गेले, "हा उंडो कालचा आहे, परत दे त्याला." मार्टिननं कप खाली ठेवला. "कोल्हापूरच्या बायांक उंडो कधीपासून कळायला लागला?" नार्वेचं नाव टाळून म्हटलं, "डिचोलीची आहे मी." तो मोठ्यानं हसला. "मग आपल्याच गावात प्रवासी होऊन आलात? बरें केलें. आपल्या माणसांना कोण दाखवतो? कोणीच ना." मला वाटलं आता विचारील, डिचोलीत कुठं, कोणाची कोण. पण नाही विचारलं. मोठं मन लागतं त्याला.

शेवटी आम्ही नदीकडे उतरलो. आदिलशहाच्या महालाचा एवढा एक दरवाजा उभा आहे, तो पाहिला, आणि पुढे फेरीच्या वाटेवर व्हायसरॉयच्या कमानीखाली येऊन थांबलो. मार्टिननं टोपी सारखी केली, घसा खाकरला. म्हणाला, "नवा व्हायसरॉय जहाजातून उतरला की इथं त्याच्या हातात शहराच्या चाव्या द्यायचे. त्याचा हुकूम सुरू. आता आमच्या घरचा व्हायसरॉय म्हणजे माझी भैण. ती उजाडल्यापासून जी बोलायला लागते ती दिवेलागणीपर्यंत. मला बोलायची पाळीच येत नाही. म्हणून सरकारला अर्ज केला, मला गाईड करा, दिवसाकाठी चार शब्द माझेही होऊंदेत!"

मी जागच्या जागी उभी राहिले. आधी आला तो राग. हे म्हणजे जगभरच्या लोकांसमोर माझी टिंगल! दिल्लीचे, मुंबईचे, कुठले कुठले गोरे, सगळे मला हसून गेले! मार्टिन म्हणाला, "हसला नाहीत? इथं सगळे हसतात." मी विचारलं, "तुमची बहीण कुठं असते?" "म्हाका भैण खंय? आम्ही सगळे भाऊच. हा किस्सा आमच्या सगूणाचा. तो गेला... आता मी सांगतो. असा किस्सा वाया घालवायचा कसा?" आणि तो कमानीच्या कडेला बसला. टोपी काढून मांडीवर ठेवली. "तो रोज सांगायचा इथं. एक दिवस चुकवला नाही. मी त्याला एकदा विचारलं, कारण किस्सा निराळा आणि घर निराळं, 'अरे, तू एवढा बोलका, घरी खरंच गप्प बसतोस?' म्हणाला, 'बसतां.' 'कित्याक, का रे?' तर म्हणाला, 'नवरा गेल्यावर तिचं असं दुसरं काय राहिलंय रे? मी बोलायला लागलो तर ती ऐकत बसेल. मला ती बोलायला हवी. दिवसभर मी इथं इतकं बोलून घेतो ते संध्याकाळी घरी जाऊन नुसतं तिचं ऐकता यावं म्हणून.' असा माणूस."

मी रडले. भर उन्हात, येणाऱ्याजाणाऱ्या स्कूटरींसमोर, कमानीला हात टेकून रडले. मार्टिन घाबरून उठला, "बाय, किदें जालें, पाणी देऊं?" मी म्हटलं, "ती बहीण मी." उठताना मांडीवरची टोपी खाली पडली होती, ती त्यानं उचलली नाही. अगदी खरोखरीचं कोडं पडल्यासारखा, तो एवढंच म्हणाला, "मग तुमी सकाळपासून इतक्या गप्प कशा?"

त्यानं मला फेरीपर्यंत सोडलं. बेट ओलांडून नार्वेच्या फेरीत मी उभीच राहिले, बाकावर बसवेना. घरी आले, कुलूप काढलं, दिवा लावला. टीव्ही लावायला हात गेला होता, तो मागे घेतला. पाय धुतले, तांदूळ वैरले, आणि चुलीशी उभी राहून म्हटलं, "ऐकलंस का दादा, आज तुझ्या त्या मार्टिननं मला शिळा उंडो खायला घातला..."