उसन्या पाण्याची वाइन

वहिनींना स्पॅनिश येतं, हे त्यांच्या नवऱ्याने ओळखीपाळखीत सगळीकडे सांगून ठेवलं होतं. ते बोलता मात्र येत नाही, हे फक्त वहिनींना माहीत होतं.

तसं नवऱ्याचं खोटं नव्हतं. यंत्रांचे सुटे भाग बाहेरून मागवणाऱ्या एका कंपनीत वहिनींची सगळी नोकरी गेली. पेट्यांबरोबर जी माहितीपुस्तकं येत, त्यांचं भाषांतर त्या करत. ‘आधी झडप उघडावी, मगच पंप चालू करावा’, ‘आटे झिजले असल्यास नट बदलावा’, असली वाक्यं त्या झोपेतसुद्धा फिरवू शकल्या असत्या. पण त्या भाषेत कुणाला साधं ‘जेवलात का’ विचारायची वेळ त्यांच्यावर कधी आली नव्हती. पुढे ते काम संगणक करायला लागला आणि वहिनी घरी बसल्या.

नणंद चिडवायची, “वहिनी, तुमची ती भाषा म्हणजे कपाटातला भारी कपसेट. धूळ पुसायची आणि परत ठेवायचा!”

वहिनी हसून सोडून द्यायच्या. पण मनाला लागायचं ते लागायचंच.

नवऱ्याच्या एका मित्राचं नदीजवळ हॉटेल होतं. एका सकाळी हा मित्र डोक्याला हात लावून बसलेला नवऱ्याला दिसला. दक्षिण अमेरिकेतल्या उंच डोंगरातल्या द्राक्षमळ्याची मालकीण शनिवारी येणार होती. तिच्या वाइन आणि त्यांच्या जोडीचं जेवण, असा बेत होता. प्रत्येक पदार्थाबरोबर एक वाइन वाढायची आणि तिची हकीकत तिने स्वतः सांगायची. सगळ्या खुर्च्या भरल्या होत्या. आणि नेमका ठरलेला दुभाषी पाय मोडून घरी पडला होता.

“एवढंच ना? आमची ही आहे की!” नवरा म्हणाला.

घरी येऊन त्याने हे असं सांगितलं, जणू येताना भाजी घेऊन आला होता.

“अहो, मला विचारायचं तरी!”

“विचारलं असतं तर नाही म्हणाली असतीस.”

ते खरंच होतं, म्हणून वहिनींना आणखी राग आला. पण रागाच्या खाली कुठेतरी एक बारीकशी उकळी फुटली होती, आणि तिची त्यांना स्वतःलाच भीती वाटली.

शनिवारी दुपारी त्या हॉटेलात पोचल्या. टेबलांवर पांढऱ्या चादरी घालून झाल्या होत्या. आतून कांदा परतल्याचा वास येत होता. मळ्याची मालकीण खिडकीशी उभी राहून बाटल्या पुसत होती. वहिनींच्याच वयाची, बुटकी, दणकट बाई, उन्हाने रापलेली. वहिनींना पाहताच तिने त्यांचे दोन्ही हात धरले आणि बोलायला सुरुवात केली.

वहिनींना एक अक्षर कळलं नाही.

पुस्तकातले शब्द कसे सुटेसुटे उभे असायचे! ही बाई निम्मे शब्द गिळत होती आणि उरलेल्यांची एकमेकांत मोट बांधत होती. “आलेच हं,” असं मराठीतच म्हणून त्या स्वयंपाकघरात सटकल्या आणि पाण्याचा ग्लास धरून भांडी घासायच्या जागेपाशी उभ्या राहिल्या. मागच्या दाराने निघून जावं का? नवऱ्याचं नाक कापलं जाईल. जाऊ दे, त्यालाच हौस होती!

तेवढ्यात द्राक्षवाली त्यांच्या मागोमाग आत आली. सिंकच्या खाली एक छोटा पंप घरघरत होता. तो आवाज ऐकून ती थबकली, वाकली, कान लावला आणि तोंड वाकडं करून काहीतरी म्हणाली. त्यातला ‘झडप’ हा शब्द वहिनींच्या कानात टणकन वाजला. मागून ‘गळते’ आला. मग ‘हवा ओढतो’.

“झडप नसेल,” वहिनींच्या तोंडून स्पॅनिशमध्ये निघून गेलं, “वायसर झिजला असेल.”

द्राक्षवालीने वळून पाहिलं आणि ती खदखदून हसली. तिच्या मळ्यावरचा पंपही अस्साच म्हणे, नवऱ्यापेक्षा जास्त कुरकुर करणारा. हे सगळंच्या सगळं वहिनींना कळलं! मग दोघी तिथेच उलट्या क्रेटवर बसल्या. “जरा हळू बोला, मी ही भाषा फक्त वाचलीय,” वहिनींनी सांगून टाकलं. द्राक्षवाली हळू बोलायची, पुन्हा विसरायची, वहिनी हात वर करायच्या, की ती पुन्हा हळू. दिवेलागणीपर्यंत वहिनींचा कान तिच्या बोलण्याला बराचसा सरावला.

माणसं आली, बसली. पहिली पांढरी वाइन मशरूमच्या सुपाबरोबर वाढली गेली. मळा इतका उंचावर आहे, की दिवसा ऊन कातडी सोलतं आणि रात्री दात वाजतात, म्हणून द्राक्षाची साल जाड होते, असं द्राक्षवालीने सांगितलं आणि वहिनींनी ते मराठीत मांडलं. दुसरी वाइन आली. लोक हसायला हवे तिथे हसले. कोपऱ्यात नवरा असा ताठ बसला होता, जणू भाषण तोच देत होता.

तिसरी बाटली गडद लाल होती. ती हातात घेतल्यावर द्राक्षवालीचा आवाज बदलला. मोठा भाऊ गेला ते वर्ष, ती म्हणाली. आणि मग एक छोटासा शब्द म्हणाली, जो वहिनींनी ना वाचला होता ना ऐकला होता.

त्या थांबल्या. सगळ्यांचे डोळे त्यांच्याकडे. हॉटेलवाला मित्र मागून कुजबुजला, “वहिनी, द्या काहीतरी ठोकून. कुणाला कळतंय?”

खरंच कुणाला कळलं नसतं. पण ती समोरची बाई भावाबद्दल बोलत होती.

“हा शब्द मला येत नाही,” वहिनी सगळ्यांना म्हणाल्या. “जरा थांबा, मी विचारते.”

द्राक्षवालीने बाटली खाली ठेवली. हाताने डोंगर दाखवला, वितळणारं बर्फ दाखवलं, उतरणारा पाट दाखवला. मग टेबलावर बोटाने घरं मांडली. आधी याला पाणी, मग त्याला, मग तिला.

“पाण्याची पाळी!” वहिनी म्हणाल्या. पण द्राक्षवाली मान हलवत राहिली. तिने शेजारच्या घरावर बोट ठेवलं, ओंजळ भरल्यासारखी केली आणि स्वतःच्या घरापुढे रिती केली.

मग तिने त्या वर्षाची सगळी हकीकत एकेक शब्द सुटा करत सांगितली. ती ऐकून वहिनी सावकाश सांगू लागल्या. “भाऊ गेला तेव्हा ह्यांनी मळा विकायचं ठरवलं होतं. पाणी घ्यायलाही घरातून कुणी उठलं नाही. तेव्हा शेजाऱ्याने, ज्याच्याशी बांधावरून भांडण होतं त्याने, स्वतःची पाळी ह्यांच्या मळ्यात सोडली. न विचारता. त्याची स्वतःची एक ओळ वाळली. अशा दिलेल्या पाण्याला त्यांच्याकडे वेगळा शब्द आहे. आपण म्हणू, उसनं पाणी. ही वाइन त्या वाचलेल्या वेलींची आहे.”

एका म्हाताऱ्या गृहस्थांनी पेला उचलला, बराच वेळ नुसताच धरला आणि मग घोट घेतला. वहिनींनीही आयुष्यातली पहिली वाइन तेव्हाच चाखली. तुरट लागली, जिभेला धरून राहिली. दुसरा घोट त्यांनी आपणहून घेतला.

जेवण संपल्यावर हॉटेलवाला कान पकडून म्हणाला, “वहिनी, मी चुकलो. पुढच्या वेळीही तुम्हीच.” आणि द्राक्षवालीने निघताना त्यांना घट्ट मिठी मारून, मुद्दाम एकेक शब्द सुटा करत बजावलं, “तोडणीला या. दोघंही.”

असं आमंत्रण देणारे पुष्कळ असतात, असं वहिनी धरून चालल्या होत्या. पण दर रविवारी तिचा फोन यायला लागला. तिकडे कोंबडा आरवायचा, इकडे कुकरची शिट्टी व्हायची, आणि दोघींच्या गप्पा मुलांवरून सुना, सुनांवरून गुडघे अशा फिरत राहायच्या. नणंद बाजूला बसून ऐकायची. एकदा हळूच म्हणाली, “वहिनी, मलाही शिकवाल का थोडंसं?”

तोडणीच्या हंगामात वहिनी आणि त्यांचा नवरा खरोखरच निघाले. डोंगरातल्या पहिल्या सकाळी वहिनी टोपली घेऊन वेलींच्या ओळीत उभ्या होत्या. हवा बोचरी होती, बोटं चिकट झाली होती. पलीकडच्या ओळीतून एक म्हातारा अडून बसलेल्या खेचराला शिव्या घालत होता, सरळ, मोकळ्या आणि कुठल्याही पुस्तकात न सापडणाऱ्या.

“काय म्हणतोय गं तो?” नवऱ्याने विचारलं.

वहिनींना सगळं कळलं होतं. त्या पदर तोंडाला लावून हसत सुटल्या, आणि त्यांनी भाषांतर करायला साफ नकार दिला.