आतला कॉम्प्युटर, बाहेरचा कॉम्प्युटर

परंड्यात स्टँडच्या मागं माझं कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान आहे. जुने कीबोर्ड, माऊस भंगारवाला घेऊन जातो. किस्से कुणी नेत नाही, ते साठत जातात. त्यातले निम्मे एकाच तक्रारीचे: नवा कॉम्प्युटर घेतला आणि जुनं सॉफ्टवेअर चालेना.

*

भूमचे हनीफचाचा लग्नपत्रिका छापतात. वीस वर्षं एकाच प्रोग्रॅमवर पत्रिका जुळवल्या. नव्या मशीनवर तो टाकला, तर इंग्रजीत सूचना आली. चाचांनी ती फोनवर अक्षर अक्षर वाचून दाखवली.

मी म्हणालो, "चाचा, हा प्रोग्रॅम तुमच्या पीसीवर चालणार नाही असं म्हणतोय."

चाचा म्हणाले, "म्हंजे शेजारच्या किराणावाल्याच्या पीसीवर चालंल?"

आणि खरंच चालला. किराणावाल्याचं मशीन बारा वर्षं जुनं होतं. हे मी चाचांना तीनदा समजावलं. मशीनला माणूस ओळखू येतो, हे त्यांचं मत काही बदललं नाही.

*

बेंबळीचे एक निवृत्त गुरुजी टायपिंग शिकवायचा जुना प्रोग्रॅम घेऊन आले.

"गुरुजी, नवं मशीन चौसष्ट बिटचं," मी सांगितलं. "बत्तीस बिटचा प्रोग्रॅम त्यावर चालतो. तुमचा सोळा बिटचा, तो चालत नाही."

"चौसष्टात बत्तीस किती वेळा?"

"दोनदा."

"आणि सोळा?"

"चार वेळा."

"पूर्ण भाग जातोय की. मग अडतंय कुठं?"

गुरुजी तीस वर्षं गणित शिकवत होते.

*

अशा वेळी एक उपाय असतो. नव्या कॉम्प्युटरच्या आत, एका खिडकीत, एक खोटा जुना कॉम्प्युटर बसवायचा. जुना प्रोग्रॅम त्याच्यात बिनतक्रार चालतो. एका दवाखान्याच्या काउंटरवर बसणाऱ्या सुनंदाताईंना मी तसं करून दिलं. दुसऱ्या दिवशी त्यांचा फोन.

"दादा, दोन-दोन स्टार्ट बटणं दिसतेत. एक बंद केलं, तरी एक हायेच. मी आता आत हाय का बाहेर?"

"ताई, समोर पेशंट दिसतायत का?"

"व्हय, लई हायत."

"मग बाहेर आहात."

*

शमीमआपा मशीनवर भरतकाम करतात. त्याची नक्षी कॉम्प्युटरवर काढायचे त्यांचे मिस्टर, रशीदभाई. तीन वर्षांपूर्वी ते अचानक गेले. पुढं त्यांचा कॉम्प्युटरही बंद पडला. नक्षीच्या फायली मी वाचवल्या, पण त्या एकाच जुन्या प्रोग्रॅममध्ये उघडायच्या आणि नव्या मशीनवर तो चालेना. लेकीच्या, झोयाच्या, लग्नाचा दुपट्टा त्यातल्याच एका नक्षीचा करायचा होता. रशीदभाईंनी ती तिच्यासाठीच काढून ठेवलेली.

आत जुना कॉम्प्युटर बसवला, तरी प्रोग्रॅम उघडेना. दोन दिवस डोकं खाजवल्यावर कळलं, त्याला आताचं साल पटत नव्हतं. मग फक्त आतल्या कॉम्प्युटरची तारीख मी तीन-साडेतीन वर्षं मागं नेली. नक्षी उघडली. आपा स्क्रीनला हात लावून बसून राहिल्या. दुपट्टा झाला, लग्नही झालं.

काही महिन्यांनी आपांचा फोन आला. "भैया, आतल्या कॉम्प्युटरात तारीख रोज फुडं सरकतीया."

"सरकणारच आपा. त्यालाही घड्याळ आहे. प्रोग्रॅम अडतोय का?"

"न्हाय. चांगला चालतोय."

"मग?"

"आत आज सोमवार हाय. ह्या बेस्तरवारी झोयाचे अब्बा जायचे हायत."

मी हातातला स्क्रूड्रायव्हर खाली ठेवला.

"जरा मागं घेता का तारीख?" त्या म्हणाल्या.