जागा धरणारा माणूस

माझ्या वडिलांनी आयुष्यात एक काम कधी चुकवलं नाही, आईसाठी जागा धरणं. वाटूर फाट्यावर एसटी थांबायच्या आत बाबांचा रुमाल खिडकीतून सीटवर पडलेला असायचा. बाकीचे दारात चेंगरत असायचे आणि आई सगळ्यांच्या शेवटी निवांत चढून खिडकीशी बसायची. पण गुडघे गेले तसं तिने प्रवासाचं नाव काढणंच सोडलं. अलिबागला राहणाऱ्या माझ्या भावाला मुलगी झाली, बारसं ठरलं, तरी ही म्हणे, मी फोनवरच बघते नातीला. शेवटी बाबांनी शब्द दिला, "पार तिथवर तुला उभं राहू देणार न्हाई." तेव्हा कुठे ती तयार झाली.

माझा आनंद तर पोटात मावत नव्हता. भाऊ सांगत होता, मुंबईत उतरून सरळ गाडी करा, समुद्रावरच्या नव्या पुलावरून या, आईला त्रास नको. मी साफ नाही म्हटलं. आमच्याकडे पाणी बघायला मिळतं ते टँकरमध्ये, आणि एवढा समुद्र समोर असताना मी काचा लावून त्याच्यावरून जाऊ? जायचं तर लाँचनेच.

बदनापूरला पहाटेची रेल्वे धरली. रिझर्वेशन होतं, तरी बाबा आधी घुसले आणि आपल्याच नंबरावर रुमाल टाकून आले. मुंबईत स्टेशनाबाहेर विजेवरची दुमजली बस उभी होती, तांबडीलाल. बाबांनी आईला खाली दाराजवळची सीट मिळवून दिली आणि मी लाजबीज सोडून वर पळाले. अगदी पुढच्या काचेशी बसले. झाडांच्या फांद्या काचेला घासत होत्या, खाली टॅक्स्या, आणि मी एकटीच हसत होते. इतकी खूश मी माझ्या लग्नातही नव्हते.

गेटवेला मी तिकिटं काढली, तसे बाबा आपलं तिकीट घेऊन पुढे गेले. धक्क्याला दोन लाँच एकमेकींना चिकटून उभ्या होत्या. जवळचीतून चालत पलीकडचीत जायचं, कारण आधी सुटणार ती बाहेरची. हे एसटीवाल्या माणसाला कोण सांगणार? लाँचवरच्या माणसांनी आईला दोन्ही हातांना धरून अलगद पलीकडे नेलं. मला वाटलं, बाबा पुढे कुठेतरी बसले असतील. दोर सुटला, मधे पाण्याची फट दिसायला लागली, आणि मागे राहिलेल्या लाँचच्या खिडकीत बाबा दिसले. शेजारच्या सीटवर रुमाल अंथरलेला, आणि आम्हाला हाताने बोलावत होते, या, जागा धरलीय.

आई ओरडली, "अहो, उठा तिथून!" पण आता उठून उपयोग नव्हता. बाबांचा फोन आला, मागच्यानं येतो, तू बसून घे.

बाकं रिकामी होती. आई बसली, पण मान सारखी मागे. मी मात्र खोटं कशाला बोलू, अर्धा जीव बाबांकडे आणि अर्धा त्या समुद्राकडे होता. उभी जहाजं, डोक्यावर पक्षी, तोंडावर खारट पाणी. पलीकडचा मांडव्याचा धक्का फार लवकर आला.

तिथे आम्ही थांबलो. पुढच्या लाँचमधून बाबा कमरेवर हात ठेवून उतरले.

"जागा भेटली न्हाई का?" आईने विचारलं.

"लै रिकाम्या व्हत्या. उभाच आलो." थोडं थांबून म्हणाले, "धरायची कोनासाठी?"

 अलिबागची बस लागलेली होती. आईने माझा हात सोडला आणि सगळ्यांच्या आधी, दांडीला धरून, एकेक पायरी चढत वर गेली. मी मागून चढले तेव्हा ती खिडकीशी बसली होती आणि शेजारच्या सीटवर तिची पिशवी होती. एकाने विचारलं, इथे कुणी आहे का?

"हाय," आई म्हणाली. "आमचे मालक येऊन राह्यलेत."