पुसूनही न सुटलेली जागा

माझे धाकटे दीर एका मोठ्या रुग्णालयात संगणकांच्या साठवणीचे काम पाहतात. रुग्णांचे अहवाल, एक्स-रे आणि स्कॅनची चित्रे ही सर्व तळघरातील थंड खोलीत, कपाटाएवढ्या यंत्रांतील डिस्कवर राहतात. कोणत्या विभागाला किती जागा द्यावी आणि नव्या डिस्क केव्हा मागवाव्यात, हे भाऊजींनी ठरवायचे. म्हणून तेथे सगळे त्यांना ‘जागावाले’ म्हणतात. घरीही ते फ्रिजमध्ये पातेले ठेवण्यापूर्वी नजरेने माप घेतात आणि माझी नात त्यांना हसते.

या कामात एक रीत आहे. असते त्याहून अधिक जागा विभागांना वाटून द्यायची. सगळेच आपला वाटा एकदम भरत नाहीत, हा त्यामागचा भरवसा. हे तर अंथरूण न पाहता पाय पसरणे झाले, असे मी म्हणाले.

“पाय दुसऱ्यांचे आहेत, वहिनी. मी फक्त अंथरुणावर नजर ठेवतो.”

नजर त्यांनी खरोखरच ठेवली होती. जागा संपत आल्याचे त्यांनी साहेबांना वेळेवर कळविले. साहेबांनी खरेदी पुढे ढकलली. त्यातच नवे स्कॅन यंत्र आले. त्याची चित्रे जुन्यांच्या कितीतरी पट मोठी होती. यंत्र आल्याचे भाऊजींना उद्घाटनाच्या फोटोवरून समजले.

एके सकाळी डिस्क भरत आल्या. त्या पूर्ण भरल्या तर शस्त्रक्रियागृह, प्रयोगशाळा, औषधांचे वाटप, सगळेच थांबणार होते. भाऊजींनी एक्स-रे विभागाच्या डॉक्टरीणबाईंना जुनी चित्रे पुसण्यास सांगितले. त्या कचरल्या. छातीतला डाग जुना की नवा, हे जुन्या चित्रावरूनच कळते. आणि जागेअभावी त्या चित्रांच्या दुसऱ्या प्रती आधीच काढून टाकलेल्या होत्या.

“मॅडम, आज टेबलावर असलेल्या माणसासाठी जागा हवी आहे.”

“मग जबाबदारी तुमची, जागावाले.”

“माझी.”

चित्रे पुसली गेली, परंतु जागा सुटली नाही. विभागाने पुसले तरी खालच्या यंत्राला ते आपोआप कळत नाही. भाडेकरू खोली सोडून गेला, पण किल्ली त्याच्याच खिशात राहिली, तसा हा प्रकार. जागा परत घेण्याची सोय आधी चालू करून ठेवावी लागते. ती चालूच आहे, असे भाऊजी धरून चालले होते. ती बंद होती. दुपारी सर्व रुग्णालय थांबले.

आता एकच मार्ग उरला होता. चित्रे अजून डिस्कवर होती, खटपट केली असती तर परत मिळाली असती. परंतु जागा परत घेण्याची आज्ञा यंत्राला दिली की चित्रे कायमची जाणार होती. साहेब म्हणाले, तुम्हाला योग्य वाटेल ते करा. शस्त्रक्रियागृहात एक रुग्ण भूल देऊन निजविलेला होता. भाऊजींनी आज्ञा दिली. संध्याकाळी काम सुरू झाले आणि साहेबांनी त्यांची पाठ थोपटली.

काही महिन्यांनी एका शिक्षिकेच्या छातीत डाग दिसला. तुलनेसाठी जुने चित्र नव्हते, म्हणून छाती उघडावी लागली. डाग जुनाच निघाला, निरुपद्रवी. परंतु त्या शस्त्रक्रियेतून बाई उठल्या नाहीत.

डॉक्टरीणबाईंनी हे फोनवर सांगितले. भाऊजी तडक त्या शिक्षिकेच्या यजमानांकडे गेले. मी सोबत होते. जुने चित्र आपल्याच आज्ञेने गेले, असे त्यांनी उभ्यानेच सांगितले. गृहस्थांनी आम्हाला बसावयास खुर्च्या दिल्या. मग त्यांनी विचारले, “केवढी जागा लागत होती हो तिच्या चित्राला?”

भाऊजींना उत्तर ठाऊक होते.

“फोनमधल्या दोन-तीन गाण्यांएवढी.”